आजोबा 'नट' होते म्हणजे नेमकं काय होते

लाडक्या पिल्लू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "तुझे आजोबा तरुणपणी नट होते," आणि कॉल संपल्यावर तू एकदम सिरीयस तोंड करून मला विचारलंस, बाबा, नट म्हणजे काजू-बदामवाले नट का, आमच्या स्कूलमध्ये तर ते आणायलाच बंदी आहे. मी इतका हसलो की तू रुसून झोपायला गेलीस. सॉरी. म्हणून हे पत्र, अडलं तर आईला विचार.

नट म्हणजे नाटकात काम करणारा माणूस. हो, आपल्याकडे नाटकात 'काम'च करतात. नट, नाटक, नाट्य ही सगळी एकाच घरातली भावंडं, आणि त्याच घरातलं अजून एक तुझ्या ओळखीचं आहे. गणपतीत तू परकर-पोलकं घातलंस तेव्हा आजी म्हणालेली ना, "काय नटलीये माझी बाय!" तेच ते नटणं.

आपलं गाव सांगलीपासून तासाभरावर. त्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तिथपासून मराठी रंगभूमी मोजतात. तेव्हा बायकांची कामंही पुरुषच करायचे. पुढे बालगंधर्व तर असे झाले की त्यांचं लुगडं नेसणं बघून घराघरातल्या बायका तसं नेसायला लागल्या, म्हणजे फॅशन कोणी कोणाला शिकवली बघ!

गावाकडे ही पद्धत बरीच वर्षं टिकली. आजोबांना जत्रेतल्या नाटकात राणीचं काम मिळालं आणि त्यांनी मिशी काढली. आता तुला वाटेल त्यात काय एवढं, पण आपल्याकडे वडील गेल्यावर मिशी काढायची रीत होती, त्यामुळे पणजोबा असे भडकले, "मी जिवंत असताना मिशी काढलीस?" म्हणून आठवडाभर बोलले नाहीत. पणजीला मिशीचं काही नव्हतं, तिचा राग लुगड्याचा. तिचं लग्नातलं जरीचं लुगडं यांनी न विचारता नेलं आणि पदराला पिना लावून लावून भोकं पाडून आणलं. तेव्हापासून ती त्यांना "नटव्या" म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नाही हं.

हा शब्द असाच आहे, बोलणाऱ्याच्या तोंडावर ठरतो. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 साली आलं, डॉ. लागूंनी त्यात काम केलं, त्यामुळे मोठ्या नटाला लोक आदराने नटसम्राट म्हणतात, आणि होमवर्कच्या वेळी बरोब्बर पोट दुखणाऱ्या मुलांनाही म्हणतात, "आले नटसम्राट!" (नाव घेत नाही कोणाचं.) 'नटी' जुन्या नाटकात सुरुवातीला सूत्रधाराबरोबर यायची, आता मात्र कोणा अभिनेत्रीला तोंडावर नटी म्हणू नकोस, जरा हलकं वाटतं. पेपरवाले अभिनेता लिहितात. लाइट लावणारे, पडदा ओढणारे सगळे धरले की रंगकर्मी. मला स्वतःला नटच आवडतो, अभिनेता जरा इस्त्री केल्यासारखा वाटतो.

आजीकडे त्या राणीचा फोटो आहे, पाच जण उभे आहेत, त्यातले आजोबा कुठले ते रविवारी ओळखून दाखव. मी लहानपणी दोनदा चुकलो होतो.

तुझा,
बाबा