आदिमानव फक्त मांसच खायचा का?

प्रश्न : मुलगा व्यायामशाळेत ऐकून आलाय, आदिमानव फक्त मांस खायचा. ज्वारीची भाकरी सोडतो म्हणतो. खरं काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाकरी सोडू देऊ नका. हाडं टिकतात, कंद-पानं कुजतात. म्हणून उत्खननात शिकारच जास्त दिसते. दातांवरचं किटण बघा. इराकच्या शानिदार गुहेतल्या निअँडरथल या आदिमानवांच्या किटणात शिजलेल्या पिष्टाचे, म्हणजे वनस्पतींतल्या स्टार्चचे, कण निघाले. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराकाठी, ओहालो इथे, २३,००० वर्षांपूर्वीच्या दगडी पाट्यावर रानसातूचं पिष्ट मिळालं. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीचं दळण!

शिकार मोलाची होतीच. पण चरबीविना नुसतं मांस खाल्लं, की जादा प्रथिनांचा नायट्रोजन युरियात (लघवीतून बाहेर पडणाऱ्या घटकात) बदलणं यकृताला झेपत नाही. मळमळ, जुलाब सुरू होतात. म्हणून तर आदिमानव आतल्या चरबीदार मज्जेसाठी हाडं फोडत.