ओट्यावरची वाटी

प्रश्न : पाळकसाहेब, सप्रेम सलाम. आम्ही नागपूरला सदर भागात राहतो. शेजारच्या वहिनींशी आमचा बारा वर्षांचा घरोबा आहे. यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही त्यांच्याकडे गेलो असताना, नुकताच चर्चच्या तरुण संघात जाऊ लागलेला माझा भाचा भर पंगतीत म्हणाला, “हे सगळे सैतानाचे आहे, तुम्ही नरकात जाल.” वहिनी काही बोलल्या नाहीत, आंबील वाढत पुढे गेल्या. तेव्हापासून त्यांचे दार लोटलेले असते, आणि त्यांची एक वाटी आमच्या ओट्यावर तशीच पडून आहे. भाचा म्हणतो, “मावशी, मी सत्यच सांगितले, तूच माणसांना भितेस.” गप्प राहून मी प्रभू येशूला नाकारते आहे का?
– एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही प्रभूला नाकारलेले नाही. मूर्तीपुढचा नैवेद्य खावा की नाही याबद्दल आपल्या लोकांत मतभेद आहेत, आणि ज्याचे मन घेत नाही त्याने नम्रपणे नको म्हणावे, त्यात गैर काही नाही. पण ज्या घराने पान वाढले, त्या घराला त्याच पानावर बसून नरक दाखवणे ही आपल्या विश्वासाची साक्ष नव्हे. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात, आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे. तिथे आधी कोणीतरी विचारतो, हे आपण वाचताना विसरतो. वहिनींनी भाच्याला काही विचारले होते का?

भाच्यावर मी फार रागावू शकत नाही. तरुणपणी सीताबर्डीच्या गर्दीत मीही सुवार्तेची, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाची, पत्रके वाटली आहेत, आणि एकाच्या हातात पत्रक देऊन दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचा चेहरा पाहिल्याचे मला आठवत नाही. याची खंत मला आजही आहे.

प्रभूची रीत निराळी होती. यहुदी लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी लोकांतल्या एका स्त्रीशी बोलताना त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितले. लोक ज्याला पापी म्हणत त्या जकातदार जक्कयाला दोष देण्याआधी, आज तुझ्या घरी उतरणार आहे, असे सांगितले, आणि लोक कुरकुरले ते त्याच कारणाने. दोन्ही ठिकाणी तो समोरच्याचा पाहुणा झाला. तुम्ही बारा वर्षे वहिनींच्या घरचे खात आलात, ही तुमची भीती नव्हती.

आपल्या नागपूरशी जोडलेली एक गोष्ट भाच्याला अवश्य सांगा. कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले असताना डब्यातल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना आदराने वागवले, त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या, आणि मग बायबलच्या नव्या कराराची प्रत भेट दिली. टिळकांनी ती वाचली आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मात्र लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. पुढे त्या नवऱ्याच्या घरी परतल्या तेव्हाही आपले सोवळे सांभाळूनच राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्या घरात घाई झाली असती तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण आपल्यातली चांगली माणसेही इथे चुकतात. मैत्री हे सुवार्तेचे आमिष करू नका. वहिनी कधीच ख्रिस्ताकडे वळणार नाहीत असे उद्या निश्चित कळले, तरी त्यांच्या आजारपणात रात्र जागण्याची तुमची तयारी असली पाहिजे. ती नसेल तर त्यांना ते कळतेच, माणसांना कळते.

आता ती वाटी घ्या. रिकामी परत करू नका, आपल्याकडे तशी रीत नाही. घरात जे गोड असेल ते घाला आणि एकट्याच जा. “वहिनी, त्या दिवशी तुमच्या घरात तुमचा अपमान झाला आणि मी गप्प बसले, मला क्षमा करा,” एवढेच म्हणा. ‘पण’ म्हणून पुढे काही जोडू नका, भाच्याची बाजू सांगू नका. त्याला ओढून नेऊ नका. त्याला स्वतःहून वाटेल तेव्हा तो जाईल. वहिनींनी दार उघडले नाही तर काही दिवसांनी पुन्हा जा. नाताळला नेहमीसारखे बोलावणे करा, आणि त्या आल्या नाहीत तर करंज्यांचे ताट घरी पोचवा. त्यात पत्रक ठेवू नका.