तुमलिंग नेपाळात, गैरीबास भारतात

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पंचेचाळिशीतले असून मुलगा तेरा वर्षांचा आहे. बामणोलीहून लाँचने जाऊन वासोटा दोनदा केला आहे. दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला जाणार आहोत. तेथून सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातून चालत नेपाळची हद्द ओलांडून त्याच दिवशी परतता येते, असे कळले. पासपोर्ट कोणाकडेच नाही. आधार कार्ड चालेल का? वाटाड्या घ्यावाच लागतो का? – एक वाचक, कराड

उत्तर : तुम्ही दोघांनी आधारच्या भरवशावर निघू नये. १९५० च्या मैत्री करारामुळे भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मात्र पंधरा ते पासष्ट या वयोगटासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हीच प्रवासाची ग्राह्य कागदपत्रे आहेत. मतदार ओळखपत्रे मूळ न्यावीत. मुलगा पंधराच्या आतला असल्याने त्याचे आधार चालते.

या वाटेवर सीमेची कमान दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हद्द डोंगराच्या धारेवरूनच गेली आहे आणि वाट तिच्या कधी या अंगाने, कधी त्या अंगाने जाते. वाटेतल्या मेघमा या वस्तीत तर चहाचे घर नेपाळात आणि समोरची सशस्त्र सीमा बलाची चौकी भारतात, असा प्रकार आहे. मोबाइलने नेपाळचे नेटवर्क पकडले की घड्याळ १५ मिनिटे पुढे जाते (आणि रोमिंगचा भुर्दंडही पडू शकतो).

वाटाड्या सक्तीचा आहे. तो मानेभंज्यांग या वाटेच्या सुरुवातीच्या गावी नोंदणी करतानाच मिळतो. तेथून नेपाळातले तुमलिंग सुमारे ११ किलोमीटर आणि चढ हजार मीटरच्या आसपास असून, चित्रेपर्यंतचा सुरुवातीचा टप्पाच सर्वांत दमवणारा आहे. वासोटा केलेल्यांना तो झेपेल, पण आम्ही तो सुचवणार नाही, कारण उद्यान लागते ते तुमलिंगच्या पुढे, आणि हाताशी एकच दिवस असताना तो चढण्यात घालवला तर जंगल पाहायचेच राहून जाते. त्यापेक्षा भल्या पहाटे गाडीने तुमलिंग गाठावे, आकाश निरभ्र असल्यास कांचनजंगा पाहावे आणि उद्यानातून चालत गैरीबासला उतरावे. जौबारीवरून जाणारी वाट नेपाळातून जाते. ती नको, उद्यानातली हवी, असे वाटाड्याला आधीच सांगावे. परतीची गाडी गैरीबासलाच बोलवावी.

उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असते, त्यामुळे दिवाळीत अडचण नाही. गुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुले मात्र वसंतातली, आणि लाल पांडा दिसेल अशी आशा मुलाला लावू नये.