शेवट गोड झाला, तरी रडू का येतं?

आवडती मालिका संपल्यावर करमत नाही, हे सांगायला माणसं फार संकोचतात. घरात कोणी गेलेलं नसतं, नोकरी शाबूत असते, ब्रेकअपही झालेला नसतो. मग रडू कसलं? त्यामुळे माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हा प्रश्न सरळ येतच नाही, दुसऱ्या तक्रारीच्या आडून येतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये आलेल्या एका मुलाची तक्रार झोपेची होती. (त्याच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय पंचवीस, पुण्यात आयटीत नोकरी, आईवडिलांबरोबर राहणारा. कामाचा ताण, रात्रीचे कॉल असं बरंच सांगून झाल्यावर म्हणाला, "आणि पोकेमॉन संपलं." लगेच हसला. मी हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, तसा.

पोकेमॉन ही जपानी कार्टून मालिका तशी संपलेली नव्हती, नवे नायक घेऊन पुढची मालिका त्याच महिन्यात सुरूही झाली होती. संपली होती ती पोकेमॉन नावाचे अद्भुत प्राणी पकडून त्यांना लढतींसाठी तयार करणारा मुलगा अ‍ॅश आणि त्याचा लाडका पोकेमॉन पिकाचू यांची गोष्ट. १ एप्रिल १९९७ ला जपानमध्ये सुरू झालेली ही गोष्ट २४ मार्च २०२३ ला थांबली. एवढ्या काळात अ‍ॅश दहा वर्षांचाच राहिला. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर हिंदीतून तो बघणारी मुलं मात्र दप्तर भिरकावून टीव्हीसमोर बसण्याच्या वयापासून गृहकर्जाचे हप्ते मोजण्याच्या वयापर्यंत आली.

त्याने शेवटचा भाग इंग्रजी सबटायटल लावून रात्री एकट्याने पाहिला आणि ढसाढसा रडला. आई जागी झाली. "घोडा झालाय एवढा आणि कार्टून बघून रडतोय," असं ती मावशीला फोनवर म्हणाली, ते याने ऐकलं. तेव्हापासून दोन-दोन वाजेपर्यंत जुन्या क्लिप बघत बसायचा. मला विचारलं, "मॅडम, हे डिप्रेशन आहे का?"

हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. भूक, काम, मित्रांशी बोलणं, आधी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरलाय का, जगणं नकोसं वाटतं का, सगळं विचारलं. उदासी दिवसातला बहुतेक वेळ, सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली आणि सोबत यातली बरीच लक्षणं असली, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. त्याचं तसं नव्हतं. डबा संपत होता, रविवारचं क्रिकेट चालू होतं. झोप बिघडली होती आणि शरम वाटत होती, एवढंच.

शरमेवर थोडी माहितीही उपयोगी पडते. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या एकतर्फी नात्यावर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका २००४ मध्ये संपली, तेव्हा केरेन इयाल आणि जोनाथन कोहेन यांनी ती बघणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. आवडत्या पात्राशी जवळीक जितकी घट्ट तितका त्रास जास्त, असं त्यांना दिसलं. हा त्रास खऱ्या माणसाशी नातं तुटण्याइतका नसतो, पण असतो. हे ऐकून तो जरा सैलावला. मग मी विचारलं, त्याची आई 'चार दिवस सासूचे' बघायची का? ती मालिका २००१ ते २०१३ अशी चालली होती. "रोज! संपली तेव्हा आठवडाभर चिडचिड करत होती." तिला कोणी वेडं ठरवलं नव्हतं, हे त्याचं त्यालाच सुचलं.

पण मला कुतूहल वेगळंच होतं. शेवट आवडला का, असं विचारलं.

"तोच तर प्रॉब्लेम आहे. इतका चांगला होता की काही बोलताच येत नाही. फालतू असता तर शिव्या घालून मोकळा झालो असतो."

हे मला फार नेमकं वाटलं. फसलेल्या शेवटावर माणूस चिडतो, भांडतो, लेखकाला अक्कल शिकवतो आणि त्या रागात निरोप घ्यायचा राहून गेलेला कळतही नाही. चांगल्या शेवटात ही पळवाट नसते. शेवट समाधानाचा असला की दुःख होत नाही, हा आपला उगाचच समज आहे.

मग त्याला सांगायला लावलं, चांगलं म्हणजे नेमकं काय? पुढचा अर्धा तास तोच बोलत होता. अ‍ॅश वर्षानुवर्षं हरत आला, पोकेमॉनच्या लढतींची पहिली मोठी स्पर्धा, म्हणजे लीग, त्याने २०१९ मध्ये जिंकली, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो जगज्जेता झाला. तिथेच फटाके फोडून संपवता आलं असतं. त्याऐवजी अकरा भागांचं एक शांत प्रकरण आलं. मिस्टी आणि ब्रॉक हे जुने सोबती परत भेटले, आणि पोकेमॉन मास्टर होणं म्हणजे काय, या प्रश्नाशी अ‍ॅश आला. जगातल्या सगळ्या पोकेमॉनशी दोस्ती करायचीय, हे त्याला सापडलेलं उत्तर. मग पुन्हा प्रवास. "आणि पिजियट आला," म्हणताना त्याचा आवाज बदलला.

पिजियट हा अ‍ॅशचा अगदी सुरुवातीचा पक्षी. आपल्या थव्याचं रक्षण करायला तो जंगलात थांबतो आणि अ‍ॅश त्याला परत येईन असं वचन देतो. हा भाग जपानमध्ये १९९९ मध्ये दाखवला होता. ते वचन अखेर पाळलं गेलं, तेव्हा चोवीस वर्षं उलटली होती.

"परत येतो म्हणून निघालास आणि गेलाच नाहीस, असं तुझ्या बाबतीत काही आहे का?" मी विचारलं.

तो वैतागला. "प्रत्येक गोष्ट कशाला तरी जोडायलाच हवी का, मॅडम?" नको, म्हटलं, आणि विषय सोडला. पुढच्या भेटीत त्यानेच काढला. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली, तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. पंधरा दिवसांत येऊ, म्हणून एक पाठीवरची बॅग घेऊन हॉस्टेल सोडलं. शेवटची परीक्षा ऑक्टोबरमध्ये घरी बसून ऑनलाइन, पर्याय निवडायची. दरम्यान हॉस्टेलचं विलगीकरण केंद्र झालं होतं, सामान कोणीतरी पोत्यात भरून ठेवलं होतं, ते वडील जाऊन घेऊन आले. सेंड-ऑफ नाही, मेसच्या काकांचा हिशेबही चुकता केला नाही. "आमचं कॉलेज संपलंच नाही, ते बंद पडलं," म्हणाला.

२०२० च्या बॅचची बरीच मुलं मी पाहिली आहेत. मोठं संकट गेलं, आपण जिवंत आहोत, मग सेंड-ऑफसाठी काय रडायचं, म्हणून त्यांनी ते गिळून टाकलं. त्याचं सगळं रडू कॉलेजचंच होतं, असा दावा मी करणार नाही. अ‍ॅशसाठीही तो रडलाच असणार, आणि का रडू नये?

मालिका बघणं बंद कर, असं मी सांगितलं नाही. क्लिप मात्र थांबवायला सांगितल्या, कारण तुकड्यांना शेवट नसतो. शेवटचा भाग पुन्हा एकदा पूर्ण बघायचा, पण दिवसा आणि कुणाबरोबर तरी. त्याने हॉस्टेलच्या रूममेटला गाठलं. दोघंही रडले, मग दोघांनी बिर्याणी मागवली.

जूनमध्ये तिघं मित्र कॉलेजला जाऊन आले. वॉचमन नवा होता, त्याने आत सोडायला वीस मिनिटं घातली. मेसचे काका गावाला गेलेले. त्यांचा नंबर मिळवून उरलेली बाकी जीपेने पाठवली, तर त्यांनी फोन करून हिशेबात अजून दोनशे निघतात, असं सांगितलं. "ट्रिप तशी बोअरच झाली," तो म्हणाला. झोप मात्र त्याआधीच सुधारली होती, म्हणून पुढच्या भेटीची तारीख आम्ही ठरवली नाही. नवीन पोकेमॉन सुरू केलंस का, असं जाता जाता विचारलं, तर म्हणाला, "दोन भाग बघितले. अजून नाही जमत."