मखि म्हणजे 225, 25 नव्हे

आर्यभटाच्या ज्या (म्हणजे त्रिज्येने गुणलेले साइन) सांगणारा श्लोक कटपयादीने (अक्षरांना 0 ते 9 आकडे देऊन उलट क्रमाने वाचायची पद्धत) सोडवल्यावर मखि, भखि, फखिचे 25, 24, 22 आले आणि धखिला एकदम 29, म्हणून पाठ भ्रष्ट आहे का, असं तुम्ही विचारलंय. पाठ ठीक आहे, किल्ली चुकीची लागली आहे. यात भलेभले अडकतात, कारण पहिले तीन आकडे ओळीने उतरतात आणि आपली वाट बरोबर आहे असं वाटत राहतं.

हा श्लोक ज्यात आहे त्या गीतिकापादात, म्हणजे 'आर्यभटीया'च्या पहिल्या भागात, आर्यभटाची स्वतःची अक्षरपद्धती आहे. क ते म म्हणजे 1 ते 25, य 30, र 40, असं ह 100 पर्यंत. 'अ' असेल तर किंमत तीच, 'इ' असेल तर शंभरपट. मखि = 25 + 200 = 225. पुढे 224, 222, 219. उलटं वाचायचं नाही, नुसती बेरीज.

खरी मेख जोडाक्षरात आहे. आठव्या 'हस्झ'मधला शेवटचा 'अ' स् आणि झ् दोघांनाही लागतो: 100 + 90 + 9 = 199. कटपयादीत जोडाक्षराचं शेवटचंच व्यंजन धरतात. ती सवय इथे आणली की 109 येतात आणि तिथून पुढची प्रत्येक ज्या निदान 90 ने कमी भरते.

आणि हे आकडे ज्या नाहीत, लागोपाठच्या ज्यांमधले फरक आहेत. बेरीज करत जा: 225, 449, 671, 890... आठवी ज्या, म्हणजे 30 अंशांची, 1719 यायलाच हवी. त्रिज्या 3438 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; 21,600 कलांच्या परिघावरून), तिच्या बरोबर निम्मी. चोविसावी 3438. ही दोन ठिकाणं जुळल्याशिवाय कॅल्क्युलेटरशी तुलना करू नका. करताना साइनला 3438 ने गुणा. पहिल्या ज्येला, म्हणजे 3 अंश 45 कलांना, 224.86 येतात, म्हणजे 225.

मी हे आकडेमोडीपुरतंच सांगतोय, पाठभेदांचा निवाडा जाणकारांनी करावा. पण एवढ्यासाठी हस्तलिखिताच्या प्रतीमागे धावू नका. चांगली छापील आवृत्ती पुरते.

कटपयादी वापरायचीच असेल तर केरळचा गणिती माधव याची सारणी घ्या. 'श्रेष्ठं नाम वरिष्ठानां' उलटं वाचलं की 224 कला 50 विकला 22 तत्परा (विकला कलेचा, तत्परा विकलेचा साठावा भाग) मिळतात. तिथे मात्र थेट ज्या आहेत, बेरीज करायची नाही.