भाडेकरू लॉक-इनच्या आधीच निघालाय, डिपॉझिट ठेवून घेऊ का?

प्रश्न : ताई नमस्कार, कोथरूडला आमचा वन बीएचके आहे, आयटीतल्या एका मुलाला दिलाय. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६. जूनपासून ११ महिन्यांचं रजिस्टर अॅग्रीमेंट आणि त्यात ६ महिने लॉक-इन, म्हणजे तेवढे महिने सोडून जायचं नाही. आता म्हणतो बंगळुरूला ट्रान्सफर झाली, सप्टेंबरअखेर जातो. आमची ही म्हणते एक पैसा परत द्यायचा नाही. बरोबर आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : काका, काकूंचा राग कळतो हो, पण सगळं डिपॉझिट गिळलंत तर ते अंगाशी येईल. लॉक-इन लिहिलंय म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ४४ हजार मागायला तुम्हाला आधार आहे, ६६ ला मात्र काहीच नाही. आणि ४४ सुद्धा आपोआप मिळतात असं नाही, कारण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवीच मिळणार, त्या आकड्याच्या आत. म्हणजे ५ ऑक्टोबरला दुसरा भाडेकरू आला आणि तरी तुम्ही दोन्हीकडून भाडं घेताय, असं कोर्टात कोण ऐकून घेईल? फ्लॅट मुद्दाम रिकामा ठेवून भाड्याचं मीटर चालू ठेवणंही चालत नाही, नुकसान कमी करायचा प्रयत्न केला का हे बघितलं जातं.

माझं मत विचाराल तर त्याला आजच सांगा, तूच माणूस आण. ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की कोथरूडला लगेच विचारणा येते. नवीन माणूस येईपर्यंतचं भाडं आणि ब्रोकरेज त्याच्याकडून घ्या, बाकीचं परत. बहुतेक मुलं याला हसत तयार होतात, भांडण होतं ते "भिंत खराब झाली" म्हणून १५ हजार कापले की. रंग वापराने उडतोच, त्याचे पैसे मागू नका, पण फुटलेलं बेसिन, बंद पडलेला गीझर याचं बिल दाखवून कापा. जे ठरेल ते व्हॉट्सअॅपवर लिहून "ओके" घ्या, तोंडी नको.

निघायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, बिल त्या रीडिंगपर्यंत चुकतं करून घ्या, सगळ्या किल्ल्या मोजून घ्या (लेटरबॉक्सची हमखास राहते) आणि ताबा मिळाला असं दोघांच्या सहीचं पत्र करा. ते नसेल तर पुढे तो म्हणेल मी कधीच गेलो होतो आणि तुम्ही म्हणाल नाही.

नवीन माणसाला जुन्याच अॅग्रीमेंटवर घुसवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट) रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, ११ महिन्यांचं असलं तरी. नाही केलं तर तोंडी काय ठरलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, वर दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहेच. आणि नवीन माणसाची पोलिसांना माहिती द्यायची राहू देऊ नका.