साडेदहाला लागणारा पंखा

ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. मार्चपासून त्याची झोप बिघडलीय. दहाला आडवा करते, पण बारा-साडेबारापर्यंत टक्क जागा. पाणी हवंय, शू लागलीय, पोटात दुखतंय, असं करत चार-चार वेळा उठतो. सकाळी सातला उठवताना रडारड. हळदीचं दूध, जायफळ, तळपायाला तेल, गोष्टींचं अ‍ॅप, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. शेजारणीनं झोपेच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, सुचवल्यात. मीसुद्धा रात्री तीनला जागी होते ती पाचपर्यंत घड्याळ बघत पडते. मार्चमध्ये ह्यांची कंपनी बंद पडली. फ्लॅटचा हप्ता आता माझ्या एकटीच्या पगारावर आहे. मुलाला यातलं काही कळू दिलेलं नाही, बाबांचं वर्क फ्रॉम होम आहे असंच सांगितलंय. पैशांचं बोलणं आम्ही तो झोपल्यावरच, साडेदहानंतर करतो, तेही स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून. मुलगा तसा समजूतदार आहे. गेल्या महिन्यात आपणहून म्हणाला, क्रिकेटच्या क्लासचा कंटाळा आलाय, जात नाही. गमीज द्याव्यात का?
एक आई, डोंबिवली

गमीज देऊ नकोस. तुझा प्रश्न तेवढाच होता, पण मला तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर बोलायचंय. तू ते अगदी जाता जाता लिहिलंयस, पैशांचं बोलणं आम्ही तो झोपल्यावरच करतो म्हणून.

तो झोपतो साडेबाराला. तुम्ही बोलायला बसता साडेदहाला. हे दोन्ही तूच लिहिलंयस, एकाच पत्रात. मग तो झोपल्यावर म्हणजे नेमकं कधी गं?

तुझं घर मी पाहिलेलं नाही, पण डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये मुलाच्या अंथरुणापासून ओट्यापर्यंत किती पावलं असतात हे मला माहीत आहे. तो चार वेळा पाण्याला उठतो म्हणतेस. तहान लागली असती तर एका फेरीत भागली असती. त्याला पाणी नको असतं, त्या दारापर्यंत यायचं असतं. रात्री साडेदहाला गॅसवर काही नसताना एक्झॉस्ट फॅन लागतो, दार लोटलं जातं आणि आईबाबा हळू आवाजात बोलायला लागतात. कुठल्याही नऊ वर्षांच्या मुलाला यातून एवढं नक्की कळतं की घरात काहीतरी झालंय आणि ते आपल्यापासून लपवलं जातंय. पंख्याच्या घरघरीत शब्द नीट ऐकू येत नाहीत, आईचा सूर मात्र येतो. तुमचा पंखा निम्मं ऐकू देतो आणि निम्मं गिळतो. गिळलेलं निम्मं तो अंथरुणात पडून स्वतःच्या मनानं भरून काढतो.

मी हे ठासून सांगते कारण मी त्या अंथरुणात झोपलेली आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यात माझे वडील होते, साचेखात्यातले, म्हणजे मागावर काम करणारे. आम्ही लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो. मी तेव्हा दहा वर्षांची, भावंडांत थोरली, म्हणून घरात माझं नावच मोठी. दिवा मालवला की आईवडिलांची कुजबूज सुरू व्हायची. एका रात्री आईचे शब्द कानावर पडले, "मग मोठी देऊन टाकूया का?" वडील बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "बघू, पुढच्या महिन्यात."

त्यानंतर मी झोपले नाही. म्हणजे झोपत असेन, पण मला आठवतंय ते एवढंच, की आईचा पदर बोटाला गुंडाळून पडायचं आणि तो सुटला तर कळलं पाहिजे म्हणून जागं राहायचं. कणकवलीकडच्या मावशीकडे मला कायमची धाडणार, असं मी ठरवून टाकलं होतं. शाळेत डुलक्या घ्यायचे. पोट दुखायचं, खरोखर दुखायचं. आई ओवा चावायला द्यायची. पुढे मे महिन्यात एक दिवस शाळेच्या सुट्टीत मोरीत गेले तर पितळेची मोठी घागर जाग्यावर नव्हती. तिच्या जागी धाकटी ठेवलेली. मोठी म्हणजे ती घागर होती. त्या ओल्या मोरीत बसून मी इतकी रडले की आईला वाटलं मला घागरीचं वाईट वाटतंय.

माझ्या आईवडिलांनी मला एक अक्षर सांगितलं नव्हतं, मला त्रास होऊ नये म्हणून. तुझ्यासारखंच. त्यांची माया खरी होती आणि तुझीही खरी आहे. पण मला तुझा राग येतोय, कारण गेले कित्येक महिने तू मुलाच्या तळपायांना तेल लावतेस आणि रोज रात्री साडेदहाला त्याची झोप स्वतःच्या हातानं मोडतेस. आपण त्याला सुरक्षित ठेवतोय असं तुला वाटतंय. तो तिथे एकटा पहारा देतोय.

आणि क्रिकेट. त्याला कंटाळा आलाय यावर तू विश्वास कसा ठेवलास? चौथीतला मुलगा एरवी बॅट उशाशी घेऊन झोपतो. त्यानं क्लासच्या फीचा आकडा ऐकलाय. घरात पैसे नाहीत हे त्याला कळलंय, ते त्यानं कुणाला सांगायचं नाही हेही कळलंय, आणि आपल्याला जमेल तेवढी मदत त्यानं करून टाकलीय. तुला तो समजूतदार वाटला. मला ते वाक्य वाचून गलबलून आलं.

पोटदुखीला ढोंग म्हणू नकोस. डॉक्टरांना पोटात काही सापडलं नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. मुलांच्या मनातली काळजी बऱ्याचदा पोटात उतरते. मन सावध असलं की शरीर झोपेला तयार होत नाही, छाती धडधडते, कान टवकारलेले राहतात. असल्या गमीजमध्ये बहुधा असतं मेलाटोनिन. अंधार पडला की आपला मेंदू ते स्वतःच तयार करतो आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देतो. तुझ्या मुलाच्या शरीराला रात्र झालेली कळतेच आहे, तो झोपेला अडवून धरतोय. बालरोगतज्ज्ञानं स्वतः तपासून दिल्याशिवाय असलं काही मुलाच्या तोंडात घालायचं नाही. जायफळही बेतानंच, जास्त झालं की ते विषारी ठरतं.

त्याच्या वयाला रात्रीची ९ ते १२ तास झोप लागते, त्याला मिळते साडेसहा. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, ते मुलांची झोप अपुरी पडते म्हणूनच. तो वाचलेला वेळ तुझ्या घरात पंख्याखाली जातोय.

आता काय करायचं ते सांगते. येत्या रविवारी सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर, तिघं बसा आणि त्याला खरं सांगा. रात्री नाही, झोपवताना तर मुळीच नाही. सकाळीच, म्हणजे प्रश्न विचारायला त्याच्याकडे अख्खा दिवस राहील. आणि सांगायचं त्याच्या बाबांनी, तू नाही. तुझ्या पत्रात तुझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडते एवढंच आहे, तो माणूस काय करतो, काय बोलतो याचा पत्ता नाही. नोकरी गेल्याची लाज त्याला वाटत असेल. वाटू दे. पण वर्क फ्रॉम होमचं खोटं त्याच्या नावावर चाललंय, ते त्यानंच उतरवायला हवं.

शब्द साधे हवेत. "माझी कंपनी मार्चमध्ये बंद झाली. आम्ही तुला खोटं सांगितलं, ते चुकलं. मी दुसरं काम शोधतोय, अजून मिळालेलं नाही. तोपर्यंत आईच्या पगारात घर चालतंय. तुझी शाळा चालू राहणार आहे. आपण तिघं एकत्रच राहणार आहोत." एवढं पुरे. जे नक्की नाही त्याचं वचन देऊ नका, दिवाळीपर्यंत सगळं ठीक होईल वगैरे. घर विकायची वेळ आलीच तर तेव्हा तेही त्याला असंच दिवसाउजेडी सांगायचं. मग त्याला विचारा, तू काय काय ऐकलंयस? आणि गप्प बसा. पहिल्यांदा काहीच नाही म्हणेल. थांबा. काहीतरी घागरीसारखं निघेल, जे तुम्ही स्वप्नातही बोलला नव्हतात. क्लासची फी किती आहे ते त्याला सांगा, आणि जमत असेल तर परत पाठवा. जमत नसेल तर यंदा जमत नाही असं सांगा, पण सोडायचं की नाही हे ठरवण्याचं ओझं त्याच्या डोक्यावरून काढा.

त्याच दिवसापासून पैशांच्या बोलण्याची वेळ बदला. संध्याकाळी, चहाच्या वेळी, दार उघडं, वही समोर, अर्धा तास. त्याला त्यातलं थोडंफार ऐकू आलं तरी चालेल. साडेदहानंतर हप्ता हा शब्द त्या घरात उच्चारायचा नाही.

तुझ्या तीनच्या जागरणालाही याचाच उपयोग होईल. झोपायच्या तोंडावर तुम्ही कर्जाचा हिशोब मांडता, मग तीनला जाग आली की डोकं उरलेली बेरीज पुढे करायला घेतं. वहीत लिहिलेलं असलं की ते उद्या संध्याकाळच्या चहापर्यंत थांबू शकतं. आणि झोप नाही म्हणून अंथरुणात तळमळत पडू नकोस. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये सांगितलेला नियम आजही निद्रानाशाच्या उपचारांत पाळला जातो, तो असा की गादी फक्त झोपेसाठी. पंधरा-वीस मिनिटं गेली असं वाटलं की उठ, बाहेरच्या खोलीत मंद उजेडात बस, डोळे जड झाले की परत ये. तोवर मोबाइलला हात लावायचा नाही. भिंतीवरचं घड्याळ दिसणार नाही असं कर. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रात्र कशीही गेली तरी, रविवारीसुद्धा. पहिला आठवडा जड जाईल. दुपारनंतर चहा एकच आणि तोही त्या वहीबरोबरचा.

तीन-चार आठवड्यांत त्याची झोप सावरली नाही, किंवा तो घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर परत बालरोगतज्ज्ञाकडे ने आणि नाका-घशाचंही बघायला सांग. तुझ्या नवऱ्याला फारच कोंडल्यासारखं होत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तो नंबर फ्रिजवर लावून ठेव.

रविवारी रात्री तो कदाचित लवकर झोपणार नाही. पाण्याला उठून येईल, बघायला, की पंखा लागलाय का. स्वयंपाकघरातला दिवा बंद असू दे आणि तुम्ही दोघं जिथे झोपता तिथेच असा. आणि मला लिही, तू काय ऐकलंयस म्हटल्यावर तो काय म्हणाला ते.